वूफरच्या तोंडातले तांदूळ

तलासरी
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय नारूमामा,

नमस्कार. जतीनच्या सुक्या मासळीच्या टेम्पोतून एक खोकं तुझ्या दुकानात येतंय. त्यात आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरचे दोन छोटे स्पीकर आणि त्यांचा जाड आवाजाचा लाकडी वूफर आहे. चिठ्ठीही त्यातच टाकतेय. काल तुला फोन केला तर तो मामीने घेतला आणि ती म्हणाली, "काय असेल ते कागदावर लिहून दे, मामा वाचेल." मामा, तू डहाणू रोडला स्पीकर दुरुस्त करतोस की कलेक्टर झालास? सख्ख्या भाचीने आता अर्ज करायचा का?

असो. परवा परवापर्यंत वूफर झकास चालत होता. काल सकाळी लावला तर नुसता खरखरला आणि गप्प झाला. अगदी अचानक. आम्ही कोणी काही केलं नाही.

तो मला चौदा नोव्हेंबरच्या आत हवाय, आणि का हवाय तेही सांगते. माझ्या पहिलीच्या वर्गात नवशी नावाची पोर आहे. तिला ऐकू येत नाही, त्यामुळे बोलताही येत नाही. वर्गात ती कोपऱ्यात बसून बाहेरच्या कोंबड्या बघायची. एकदा मी मुलांना कॉम्प्युटरवर ढोलाचा ठेका लावून दिला होता आणि ही सहज वूफरला पाठ टेकून बसली. बसल्या बसल्या तिची मान हलायला लागली, अगदी ठेक्यावर. मी ठेका बंद केला, मान थांबली. पुन्हा लावला, पुन्हा हलली. मामा, मी फळ्याकडे तोंड करून रडले. मुलांना वाटलं बाईंच्या डोळ्यात खडू गेला.

आता ती वूफरवर हात ठेवते, ठेका अंगात घेते आणि पोरींच्या रांगेत नाचायला उभी राहते. खरा ढोल आणावा तर वाजवणारे दिवसभर उंबरगावच्या कंपन्यांत असतात, आणि ढोल गळ्यात घेऊन माणूस फिरतो, त्याला पोरीने हात कुठे लावायचा? बालदिनाला ती सगळ्या पाड्यासमोर नाचणार आहे. भातकापणी उरकली की तिची आई बुधीबाई वीटभट्टीवर जाते, आणि यंदा नवशीलाही नेणार म्हणते. मी समजवायला गेले तर म्हणाली, "बाई, तिला नाय आयकू ये, ती शाळेत काय शिकंल? माझे डोळ्यासमोर तरी राहील." तिचं चुकतं असं मला म्हणवत नाही. पण भट्टीवर ट्रक मागे येतात, हॉर्न देतात, आणि या पोरीला हॉर्न कळत नाही. तिची आजी, गंगीबाई, तिला सांभाळायला तयार आहे. बुधीबाईने एकदा पोरीला नाचताना बघितलं तर तिला पटेल की ही शिकू शकते. माझ्याकडे तिला दाखवायला दुसरं काहीच नाही.

तुझी,
भाविनी


डहाणू
९ ऑक्टोबर २०२५

चि. भाविनी,

आशीर्वाद. "आम्ही कोणी काही केलं नाही" हे वाक्य मी या दुकानात इतक्या वेळा ऐकलंय की बाहेर पाटीवर रंगवून घेणार आहे.

वूफर उघडला. आत तांदूळ निघाले, कुंकू निघालं, झेंडूच्या पाकळ्या निघाल्या, आणि त्या सगळ्यावर मुंग्यांची जत्रा भरलेली. बोर्डावर काहीतरी चिकट सुकलं होतं. बोट लावून चाखलं. नारळाचं पाणी! तू मला वूफर पाठवलास की गावदेव?

तांदळाच्या वासाने उंदीर आत शिरला आणि त्याने पडद्याची कड कुरतडली. नारळाच्या पाण्याने बोर्ड हिरवा पडलाय. माझं ऐकशील तर हा सोडून दे. सोबत नवा संच पाठवतोय, छोटा, प्लास्टिकचा, वूफर नसलेला. आजकाल सगळे हाच नेतात आणि खूश असतात. जुना राहू दे माझ्याकडे, सुटे भाग कामाला येतील.

फोन नको करूस. दुकानात गडबड असते.

तुझा मामा


तलासरी
१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,

पकडलंस. आता सगळं सांगते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन केलं. पाट्या, पुस्तकं, कॉम्प्युटर, सगळं मांडलं. पाड्यातले धाकल्याबाबा आले होते. पाड्यात कसलीही पूजा असली की नारळ तेच फोडतात. त्यांनी सगळीकडे नजर टाकली आणि विचारलं, "यातला बोलं कोण?" मुलांनी वूफरकडे बोट दाखवलं. झालं! त्यांनी वूफरच्याच कोपऱ्यावर नारळ फोडला, आणि पुढे जे गोल भोक आहे ना, त्यात तांदूळ घातले. मी "अहो बाबा, नको" म्हणेपर्यंत दुसरी मूठ गेली. म्हणाले, "जो बोलं त्याला खायाला घालाया लागं. उपाशी कसा बोलंल?" यावर काय बोलायचं ते मला डीएडला कोणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तेवढ्यात उंदराचं साधलं.

आता तुझा नवा संच. आवाज स्वच्छ आहे, मुलं खूश झाली. नवशी आली, तिने एका स्पीकरवर हात ठेवला, मग दुसऱ्यावर. मग स्पीकर उलटा करून खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मामा, तिला वाटलं मी लावलाच नाही. मी आवाज पूर्ण मोठा केला, बाकीच्यांनी कानावर हात घेतले, आणि ती आपली वूफर ठेवायचो त्या रिकाम्या स्टुलावर हात ठेवून उभी राहिली.

संच परत पाठवतेय. मला तोच वूफर हवाय, लाकडी, जड, धडधडणारा. तुला जमणार नाही असं मला पटतच नाही. आई सांगते, तू लहान असताना भंगारातला रेडिओ खोबऱ्याच्या डब्यात बसवून वाजवला होतास. दिवाळीच्या सुट्टीत घरी येतेय, तेव्हा बोलू.

तुझी,
भाविनी


डहाणू
१ नोव्हेंबर २०२५

चि. भाविनी,

आशीर्वाद. तू हट्टी आहेस, अगदी माझ्या बहिणीवर गेलीस.

वूफर झालाय. पडदा नवा घातला, कडेचं रबर नवं. बोर्ड धुऊन सुकवला, फुगलेले भाग बदलले. पडदा बोटांनी आत दाबून बघितला, कुठे घासत नाही. मग तुझा ढोल लावला आणि खोक्यावर तळहात ठेवून बसलो. ठेका कोपरापर्यंत येतो. तुझ्या नवशीला आवडेल.

भोकाला आतून जाळी ठोकली आहे. धाकल्याबाबांना सांग, देव उपाशी राहील पण जिवंत राहील.

तुझा मामा


तलासरी
४ नोव्हेंबर २०२५

प्रिय मामा,

ही चिठ्ठी मी रागात लिहायला घेतली होती. पहिला कागद फाडून टाकला. का ते वाच.

भाऊबीजेला आईने तुला ओवाळलं. मी तुझ्या शेजारीच बसले होते. पुन्हा पुन्हा विचारलं, "मामा, वूफर कुठवर आला?" तू म्हणालास, "हो हो, छान झालीय," आणि बासुंदी खाल्लीस. आई भात वाढताना "पुरे का?" विचारत होती, तू मान हलवत राहिलास आणि भात पानाबाहेर गेला. मग कोणाशी न बोलता उठून गेलास. मी आईला म्हटलं, मामा माझ्यावर रुसलाय, मी संच परत पाठवला म्हणून. मनाला फार लागलं होतं.

आज वूफर लावला. ठेका असा घुमला की खिडकीची काच थरथरली. पण दोन्ही छोट्या स्पीकरमधून एक शिट्टी येत होती, बारीक, तीक्ष्ण, सारखी. मुलांनी कान दाबले. शेजारच्या वर्गातले सुनिलसर धावत आले. बाहेरचा कुत्रा भुंकायला लागला. मी मनात म्हटलं, मामाने हे तपासलं तरी का? कोणालाही ऐकू येईल असा दोष आहे हा.

आणि त्या गोंधळात एकटी नवशी वूफरवर हात ठेवून हसत होती. तिच्यासाठी वूफर अगदी ठीक होता.

मी तिच्याकडे बघत राहिले. मग तुझी चिठ्ठी पुन्हा वाचली. बोटांनी दाबून बघितला. तळहात ठेवून बसलो. कोपरापर्यंत येतो. अख्ख्या चिठ्ठीत कसा ऐकू येतो, ते कुठेच नाही.

मामा, तुला ती शिट्टी ऐकू आली नाही ना? फोन म्हणूनच घेत नाहीस ना?

माझं चुकत असेल तर मला शिव्या दे. पण बरोबर असेल तर गप्प बसू नकोस. स्पीकरसकट वूफर परत पाठवतेय. बालदिन जवळ आलाय, मजुरांना भट्टीवर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक त्यानंतर कधीही येईल. तरी तुझ्याखेरीज मी तो कोणाकडे देणार नाही.

तुझी,
भाविनी


डहाणू
८ नोव्हेंबर २०२५

चि. भाविनी,

तुझी चिठ्ठी तुझ्या मामीने आधी वाचली आणि माझ्यासमोर ठेवून ती चहा करायला गेली. बराच वेळ आलीच नाही. शहाणी आहे.

बरोबर आहे तुझं. आधी फोनमधले आवाज गेले. मग पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी. एकदा डाळ जळून घरभर धूर झाला, तेव्हा तुझ्या मामीला, मैनाला, कळलं. जाड आवाज अजून येतात, बारीक येत नाहीत. माणसं बोलतात ते मला चिखलातून आल्यासारखं येतं. चारचौघांत मी हो हो करतो आणि निघून जातो. तुझ्या आईला सांग, तिच्या भाताला नाही म्हणायचं नव्हतं, मला ऐकूच आलं नव्हतं.

दुकानात काय करत होतो सांगू? गिऱ्हाईक म्हणायचं खरखर येते. मी म्हणायचो, नवा घ्या. मला खरखर ऐकूच येत नव्हती तर दुरुस्त काय करणार? तुलाही तेच सांगितलं. कामातून वूफर गेला नव्हता, मी गेलो होतो. दिवाळीनंतर दुकान बंद करायचं ठरवलं होतं. स्पीकर दुरुस्त करणारा बहिरा, लोक हसतील, ही लाज फार वाटायची. तुला लिहितानाही वाटतेय.

पण वूफर परत आला तेव्हा मी तो मैनासमोर ठेवला. ती स्टुलावर बसली, म्हणाली, "तू हात चालव, कान मी लावते." शिट्टी आली की ती माझा खांदा दाबायची, गेली की सोडायची. बोर्डावरचा सोल्डरचा एक टाका कच्चा राहिला होता. तो पक्का केला आणि तिने खांदा सोडला तो सोडलाच. मासळीच्या बाजारात एवढी वर्षं गिऱ्हाइकाचं पुटपुटणं ऐकलंय तिने, तिचे कान पक्के आहेत. उद्यापासून दुकानात बसणार म्हणते. मी नाही म्हणून बघितलं. यावेळी तिने ऐकलं नाही.

आता कामाचं. वूफर फरशीवर किंवा स्टुलावर ठेवू नकोस, ठेका जमिनीत मरतो. माझ्या बाबांची जुनी होडी मोडली तेव्हाच्या फळ्या मागच्या पडवीत होत्या, त्या जतीनच्या टेम्पोत घातल्यात. त्या सलग जोडून त्यावर पोरींना अनवाणी नाचव, आणि वूफर त्याच फळ्यांवर ठेव. आम्ही समुद्रात असताना इंजिन बिघडलं की बाबांना आधी तळपायाला कळायचं. नवशीला मग हात लावायची गरज पडणार नाही. हात मोकळे राहतील, बाजूच्या पोरींच्या कमरेत घालायला.

मामा


तलासरी
११ नोव्हेंबर २०२५

प्रिय मामा,

तुझी चिठ्ठी मी शाळा सुटल्यावर वाचली आणि पुन्हा फळ्याकडे तोंड करून बसले. यावेळी खडूचं निमित्त सांगायला मुलं नव्हती.

मी तुला रुसलेला समजले याचं फार वाईट वाटतंय. तू एकटाच हे ओढत होतास आणि मी तुला कलेक्टर म्हणत होते.

फळ्या बसवल्या. त्यांना अजून बोंबलाचा वास येतो, त्यामुळे पाड्यातली सगळी मांजरं तालमीला हजर असतात. शिट्टी गेली, सुनिलसरांनी मामीला नमस्कार सांगितलाय. आणि नवशी! फळीवर पाय ठेवला आणि ती खाली वाकून फळीकडे बघायला लागली, खाली कोण आहे म्हणून. मग दोन्ही हात शेजारच्या पोरींच्या कमरेत घातले. पहिल्यांदाच, मामा. आजवर तिचा एक हात कायम वूफरवर अडकलेला असायचा आणि ती रांगेच्या टोकाला असायची. आता मधोमध आहे.

बुधीबाईला निरोप दिलाय. येईन म्हणाली नाही, नाही येणार असंही म्हणाली नाही.

तू ये. लोक काही विचारतील आणि तुला कळणार नाही ही धास्ती असेल, तर वूफरजवळ बस. तिथे नवशी असते, आणि तिथे कोणाला उत्तर द्यावं लागत नाही. आणखी एक: नवशीचे कान तपासायला मी तिला डहाणूच्या दवाखान्यात आणणार आहे. तुझंही नाव सांगून ठेवलंय. पळायचा विचार करू नकोस, मामी माझ्या बाजूला आहे.

तुझी,
भाविनी


डहाणू
१६ नोव्हेंबर २०२५

चि. भाविनी,

तू मुलांना रांगेत लावण्यात गुंतली होतीस, म्हणून मागे काय झालं ते तू बघितलं नाहीस. मी बघितलं. तेवढ्यासाठी लिहितोय.

मी वूफरजवळच बसलो होतो, पायातल्या चपला काढून. नाच सुरू झाला तेव्हा एक बाई कुडाच्या बाजूला उभी होती, कामावरून तशीच आलेली, पदराला भाताची कुसं चिकटलेली. ती जवळ येत येत फळ्यांच्या कडेपर्यंत आली. नवशीकडे बघत होती. सगळ्या पोरींचे पाय एकदम पडत होते आणि तिच्या पोरीचाही त्यातच. ती बाई खाली बसली आणि तिने फळीवर तळहात ठेवला. तसाच ठेवून शेवटपर्यंत बसली. पोरगी काय ऐकते ते बघत होती ती.

नाच संपला. तिने माझ्याकडे बघितलं. तू नाचाआधी माझ्याशी हातवारे करून बोलत होतीस ते तिने पाहिलं असणार. तिने स्वतःच्या कानाला हात लावला, नाही असा हलवला, आणि माझ्याकडे बोट केलं. तुलाही?

मी मान हलवली. हो.

मग तिने वूफरकडे बोट केलं, माझ्या हातांकडे केलं. हे तू केलंस?

भाविनी, भाऊबीजेला मी न ऐकता मान हलवत होतो. यावेळी मला प्रश्न पुरता कळला होता. मी मान हलवली. हो, मीच. लाज वाटली नाही. ती माझ्या हातांकडे बघत राहिली, मग पोरीच्या हातांकडे. मग उठून गेली. पुढे तिच्या मनात काय आलं ते मला माहीत नाही. तू कळव.

दवाखान्यात येईन.

मामा


तलासरी
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय मामा,

काल पहाटे मुकादमाचा ट्रक आला. मी पोचले तेव्हा बोचकी चढवून झाली होती. नवशी आजीच्या कडेला उभी होती, शाळेचा गणवेश घालून. तिचं बोचकं ट्रकमध्ये नव्हतं.

बुधीबाई मला म्हणाली, "तुझा मामा बहिरा, तरी त्याला काम ये. माझे पोरीला पण हातातलं काम शिकव. कानाचं डाक्टर काय बोलंल ते बोलू दे." मग नवशीजवळ गेली आणि जमिनीवर जोरात पाय आपटला, ठेका धरून. नवशीने तसाच पाय आपटला. दोघी हसल्या. ट्रक हलला तेव्हा दोघी रडत होत्या, मीही, हे लपवत नाही. होळीला येते म्हणाली.

चढण्याआधी तिने पदराची गाठ सोडली. नव्या भाताचा तांदूळ होता, या साली घरात आलेला पहिला. म्हणाली, "त्या पेटीला घाल, तोंडात. तिने माझी पोर नाचवली." मी घाबरून म्हटलं, अगं बाई, आता जाळी आहे, आणि पुन्हा उंदीर येईल! तिने ती पुरचुंडी माझ्याच हातात दाबली.

"मंग जो पेटीला बोलती करं, त्याला दे. तो पण जेवतच असंल."

या खोक्यात यावेळी स्पीकर नाही मामा, तो तांदूळ आहे. दुकान बंद करायचा विषय पुन्हा काढायचा नाही. भात आज रात्रीच टाका, आणि कुकर लावला की शेजारी मामीला बसव.

तुझी,
भाविनी